मकबरा बघायला जाण्याचं निमित्त

औरंगाबादच्या मकबऱ्यात संगमरवर खालच्या भागात आणि घुमटालाच आहे, मधे सगळा गिलावा, हे मी आईला एकदा सांगितलं आणि ती हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी पोतारलेलंच की! दगडावानी दिसतं?" पाचोडच्या आमच्या घराच्या भिंती ती दर दसऱ्याला पांढऱ्या मातीनं पोतारायची, आणि गल्लीत तिच्या हाताला तोड नव्हती. तेव्हापासून तिला मकबरा बघायचा होता. मी परगावी शाळेत चित्रकला शिकवायचे. हेडमास्तरांच्या मिनतवाऱ्या करून एक रजा मिळवली आणि तिला घेऊन औरंगाबादला निघाले.

एसटीच्या थांब्यावर शेजारच्या काकूंनी हटकलं, "कुठं चालल्या मायलेकी?"

"दात लई ठणकतोय," आईनं ठोकून दिलं. "दाखवून येते."

"माझाबी ठणकतोय की! थांबा, आलेच."

झालं! काकू आमच्याच बाकावर. मी आईला कोपरानं ढोसलं, पण ती ढिम्म.

पैठण गेटजवळच्या दाताच्या दवाखान्यात ही गर्दी! खिडकीतून त्या गेटची जुनी कमान दिसत होती. दोघी माना वाकड्या करकरून ती बघत होत्या आणि मी चरफडत होते. आईला बाहेर नेऊन म्हटलं, "खरं सांगून टाक ना."

"काय सांगू? नुसतं बघाया आले म्हणून? गावभर हसतील."

दुपार टळली. डॉक्टरांना आईच्या तोंडात काहीच सापडलं नाही. काकूंची मात्र एक किडकी दाढ सापडली, ती त्यांनी काढली. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून रिक्षा सरळ स्टँडवर.

बसमध्ये माझा तोल सुटला. "काकू, आम्ही मकबरा बघायला आलो होतो! आईचा दात दुखतच नव्हता. माझी रजा पाण्यात गेली!"

आईनं पदर तोंडाला लावला. काकूंनी गालातला कापसाचा बोळा जिभेनं बाजूला सारला.

"मग सांगायचं नाय व्हय? माझा तरी कुठं ठणकत व्हता? म्हनलं, हिचा दात झाला की पोरगी मकबरा दावील."

मला रडूच यायचं बाकी होतं. "पुढच्या खेपेला सरळ सांगून येऊ," मी म्हटलं. "मकबरा बघायला चाललो म्हणून."

मी काहीतरी वावगं बोलले असावे, अशा दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग आई काकूंकडे वळली.

"पुढच्या खेपेला काय सांगावं?"

काकूंनी जरा विचार केला.

"गुडघे."