खरपुडीचा डोळा

दादा, मी पुण्याला निघालो तेव्हा मेहकरच्या स्टँडवर तू माझी वळकटी गाडीच्या टपावर चढवलीस आणि खाली उतरून पाठीवर थाप मारलीस. मराठी राज्य नुकतंच झालं होतं. त्याआधी आपल्याकडचा शिकणारा मुलगा नागपूरचा रस्ता धरायचा. आता पुणेही आपलंच, असं सगळे म्हणत होते. मामा तेवढे नाराज होते. भाच्यानं वकील व्हावं अशी त्यांची इच्छा, आणि मी निघालो होतो वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला. "इतकं शिकून गवतच उपटनार काय बे?" असं ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. मायनं दशम्यांचं फडकं खिडकीतून आत दिलं.

पुणं आपलं आहे हे पुण्याला कुणी कळवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत "मले स्लाइड द्या" म्हणालो आणि पुढं महिनाभर माझं नाव 'मले' पडलं. ते मी हसून सोडलं. मेसमधली गोड आमटी सोडली, भाकरीविना राहायला शिकलो, सेक्शनसाठी देठांचे पातळ काप करता करता बोटं कापून घेतली. विषय आवडत होता, म्हणून सगळं चालत होतं.

प्रबंधासाठी मी आपल्या टेकडीची खरपुडी निवडली. दगडांच्या कपारीतला तो नाजूक वेल, कंदिलासारखं लांबट फूल आणि खाली चपटा कंद. आमच्या सरांनी वर्णन ऐकलं आणि ते खुर्चीतून उठलेच. अशी जात त्यांच्या संग्रहात नव्हती. पोळ्याला गावी जाशील तेव्हा एक नमुना आण, म्हणाले.

आणला. पण कंद काढला तसा, सवयीनं, त्याचा वरचा, जिथून कोंब फुटतो तो डोळा नखानं मोडून मी परत मातीत दाबला. आपल्याकडे पोरासोरांचाही हात तसाच चालतो. माय शिकवायची, "खाय बाप्पा, पन डोया मातीत ठेव. पुढच्या साली त्यानं कुठून याव?" टेकडीवर मला आपण काही वेगळं करतोय असं वाटलंसुद्धा नाही.

सरांनी कागदावर दाबलेला तो वेल सगळ्या वर्गासमोर धरला. कंदाचा माथाच नाही, वेल कंदाला जोडलेला नाही, म्हणजे नमुना बाद. कंद वाटेत भूक लागली म्हणून खाल्लास का, असं विचारलं. वर्ग हसला. मी डोळ्याचं सांगितलं तर म्हणाले, ही अडाण्यांची समजूत इथे आणू नकोस. इथवरही मी ऐकून घेतलं असतं. पुढं ते म्हणाले, "परत जा आणि असतील तेवढे सगळे वेल मुळासकट आण. परदेशी संग्रहांशी अदलाबदल करता येईल."

सगळे. त्या कपारीत वेल किती थोडे, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. मग दुसरा मार्गदर्शक शोध, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पुढची स्लाइड मागितली. जो विषय घेऊन घर सोडलं तो त्या दुपारी सुटला. नव्या मार्गदर्शकाकडे मला शेवाळावर काम करावं लागलं. डबक्यातलं शेवाळ बाटलीत भरताना मी रागानं स्वतःलाच विचारत असे, ज्यांना वेलाचं कुळ-गोत्र तोंडपाठ, त्यांना तो पुढच्या वर्षी उगवावी असं वाटू नये? हा संताप आज नोकरीत केस पांढरे झाले तरी उतरलेला नाही.

पण दादा, खरा घाव तिथला नव्हे. दिवाळीला आलो तेव्हा कळलं की सरांचा दुसरा विद्यार्थी आपल्या घरी जेवून गेला. माझं गाव वर्गात सगळ्यांना ठाऊकच होतं. तू त्याला टेकडीवर नेलंस, स्वतः कुदळ चालवलीस आणि वेलांचं पोतं बसपर्यंत पोचवलंस. "तुह्या कॉलेजातला मानूस. त्याले रिकाम्या हातानं कसं धाडू?" हे तू मला वर अभिमानानं सांगितलंस.

मायनं एवढंच विचारलं, "डोये ठेवले ना रे?"

तू म्हणालास, "त्याले पूर्न पाहिजे होते, माय. शिकलेला मानूस होता तो."

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती कपार रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. आता तर माय नाही.

तू दर वर्षी निरोप धाडतोस, सुट्टीत काऊन येत नाही म्हणून. गाव सोडून गेलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ते गावाकडची हवा, पाणी, माणसं आठवून गहिवरतात. मला ते जमत नाही. खणल्यावर थोडं परत मातीत ठेवायचं असतं, हे जिथं कुणाला समजवावं लागत नाही, त्याला मी घर म्हणत होतो. पुण्यात ते नव्हतं, म्हणून मी तिथं नाही म्हणालो आणि त्याची किंमतही मोजली. पण एका शिकलेल्या माणसाच्या शब्दावर तूही ते सोडून दिलंस, तर मी सुट्टीत यावं तरी कुठं, दादा?