बडेबाबूंची दुसरी नोकरी

हिंगणघाटच्या कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी श्री. वामनरावजींनी, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क असलेल्या आपल्या बडेबाबूंनी, मला पहिला हुकूम दिला तो जेवून घेण्याचा. मी अल्लीपूरहून पहिल्या एसटीने उपाशीपोटी आलो होतो आणि ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखले. स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि मग दुपारभर माझ्या अक्षराला नावे ठेवली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'जरा प्रसन्न लिहा' अशी सूचना केली आहे. ती मला पाळता येईलसे वाटत नाही. मीही आता सेवानिवृत्त झालो आहे, थकलो आहे, आणि बडेबाबूंच्या ज्या कामाबद्दल मला लिहायचे आहे त्याचा विषय मंगलप्रसंगी सहसा कोणी काढत नाही.

त्यांच्या कचेरीतल्या कारभाराविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी त्यानंतरचे सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बडेबाबू निवृत्त झाले. हारतुरे झाले, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कोट चढवून ते ओसरीवर येऊन बसले. जायचे कुठेच नव्हते. त्यांनी भजनी मंडळात जाऊन पाहिले, पण त्यांचा सूर मंडळाला सोसवेना. परसात वांगी लावली, ती शेजारच्या गाईने खाल्ली. कचेरीत चक्कर मारली की आम्ही उठून खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो आणि थोड्या वेळाने कागदांत डोके घालायचो. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ते यायचे बंद झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या की, हा माणूस दिवसभर घरात असतो आणि तरी घरात कोणी नसल्यासारखे वाटते.

अशात त्यांच्या आळीतल्या एक म्हातारबाई वारल्या. मुलगा दूर नोकरीला, घरात एकटी सून, आणि जमलेली माणसे नुसती एकमेकांकडे पाहत उभी. बडेबाबूंनी कोट काढून खुंटीला टांगला आणि कचेरीसारखी कामे वाटून दिली. एकाला तारेसाठी पिटाळले, एकाला लाकडांसाठी, शेजारणीला पोरांना जेवू घालायला सांगितले. तिरडी त्यांनी स्वतः बांधली. ती कला ते लहानपणी वडिलांच्या हाताकडे बघून शिकले होते. तेव्हापासून हिंगणघाटात कुठेही मयत झाली की माणूस आधी बडेबाबूंकडे यायचा. घर कोणाचे, जात कोणती, हे त्यांनी कधी विचारले नाही. वेणा नदीच्या घाटावरून सगळे परतले की ते पुन्हा त्या घरी जाऊन चूल पेटली आहे का ते पाहायचे. नसली तर शेजारून वरणभात मागवून घ्यायचे आणि घरातल्यांच्या घशाखाली दोन घास उतरल्यावरच निघायचे.

या कामाने ते दमत. बाजारात लोक त्यांना पाहून चेष्टेने रस्ता बदलत, तेही त्यांना कळे. एकदा मी त्यांना विचारले की हे सगळे कशाला ओढवून घेता. ते म्हणाले, "थकतो ना बाप्पा. पण थकून झोप तं लागते. ओसरीवर बसून मले झोपही येत नव्हती."

पुढे त्यांच्या हातून एक चूक झाली. ती फक्त बडेबाबूंच्याच हातून होऊ शकते, आणि ती नेमकी माझ्या बाबतीत झाली. मला विषमज्वर झाला होता आणि वर्ध्याच्या दवाखान्यात मी शुद्धीवर नव्हतो. डॉक्टरांनी आशा सोडल्याचा निरोप माझ्या भावाने गावात पाठवला. दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दोन्ही दिवस बांबूवाल्याचे दुकान बंद राहणार. ऐनवेळी घरच्यांचे हाल नकोत म्हणून बडेबाबूंनी आदल्या दिवशीच हिरवे बांबू आणून आमच्या दाराशी भिंतीला लावून ठेवले. हेडक्लार्कच्या नजरेने पाहिले तर व्यवस्था चोख होती.

पण माझा ताप त्याच रात्री उतरला. तान्ह्या पोळ्याची लहान पोरे लाकडी बैल घेऊन आळीत फिरत होती, तेव्हा मला टॅक्सीतून घरी आणले. माझ्या आधी माझ्या बायकोला, कमलला, ते बांबू दिसले. बातमी कळून बडेबाबू आनंदाने पुढे आले होते, बांबू हलवायचे मात्र विसरले होते. ती त्यांना म्हणाली, "माणूस जित्ता असताना बांबू आणले तुम्ही. माह्या घराची पायरी आता चढू नका."

त्यांनी मान खाली घातली, बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी काम सोडले. कोणी बोलवायला आले की 'दुसरा माणूस पाहा' म्हणत. पुन्हा कोट घालून ओसरीवर बसू लागले. लक्ष्मीवहिनी रडत आमच्याकडे आल्या. ते जेवत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे पाहत बसतात, असे सांगू लागल्या. मला राग नव्हता. उलट मी महिनाभर बाजेवर पडून आढ्याकडे पाहत होतो. वाचवत नव्हते, उठवत नव्हते. पहिल्या आठवड्यात भेटायला रीघ लागली होती, नंतर कोणी फिरकले नाही. रिकाम्या दिवसाचे ओझे किती असते हे मला तिथे कळले, आणि त्या ओसरीवरच्या माणसाची कणव आली. मी कमलची समजूत काढली. शेवटी ती म्हणाली, "येऊ द्या. पण रिकाम्या हातानं येजो म्हणा."

बडेबाबू रिकाम्या हाताने आले. कसे वाटते हे त्यांनी विचारले नाही. कचेरीतल्या जुन्या साहेबाची नक्कल केली, मला हसताना पाहून घटकाभर बसले आणि दुसऱ्या दुपारी परत आले. मी बरा होईस्तोवर ते येत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आले की मेलेल्या माणसाकडे सारे गाव जाते आणि लांबलेल्या आजाऱ्याकडे कोणीच जात नाही. ते अशा आजाऱ्यांकडे जाऊ लागले. सुरुवातीला त्यांना दारात पाहून रोग्यांना घाम फुटायचा. कापसाच्या जिनिंगमधल्या एका म्हाताऱ्या फिटरने तर 'बडेबाबू, अजून टाइम आहे ना?' असे विचारले होते. 'मले काय मालूम, मी पत्ते खेळाले आलो,' असे म्हणून ते खाटेवर बसले. हळूहळू लोक त्यांची वाट पाहू लागले. मयतीचे कामही त्यांनी पुन्हा हाती घेतले, कारण ते करायला दुसरे कोणी पुढे आलेच नाही.

गेल्या वर्षी लक्ष्मीवहिनी गेल्या. अंगण माणसांनी भरले होते. आम्ही काही जणांनी बांबू जोडले, सुतळी गुंडाळली, आणि उचलून पाहताच सगळे सैल पडले. ज्यांच्या घरची तिरडी बडेबाबूंनी बांधली होती असे कितीतरी जण तिथे उभे होते, पण बांधणे कोणालाच येत नव्हते. बडेबाबू ओसरीवरून उठले, आमच्या हातातून त्यांनी सुतळी घेतली आणि आपल्या बायकोची तिरडी स्वतः बांधली. बांधून झाल्यावर मला म्हणाले, "मनोहर, शिकून घे रे आता. मी थकलो." मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

या वर्षात मी ते शिकलो. त्यांच्याच ओसरीवर, जुन्या सुतळीवर, ते ओरडत असताना शिकलो. माझ्या गाठींनाही त्यांनी अक्षरासारखीच नावे ठेवली. आता नीट येते असे परवा त्यांनीच सांगितले.

बडेबाबूंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे आपण सारेच म्हणणार आहोत. माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की ते नुसते म्हणू नका. यापुढे कोणी गेले तर पहाटे त्यांना उठवू नका, त्यांना झोपू द्या. माझे घर त्यांच्या आळीच्या टोकाला आहे, कोणत्याही वेळी माझे दार ठोठावा. दुपारी मात्र त्यांना अवश्य बोलवा. आपल्या घरी कोणी बरेच दिवस अंथरुणाला खिळले असेल, तर त्यांची वाट पाहा. बडेबाबू येतील.