तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं असायची. वडील युनियनचे, उरलेलं पत्रक वाया घालवायचं नाही, हा नियम. त्या पत्रकांत पुढाऱ्यांची नावं असत आणि शेवटी एक ओळ : ‘स्त्री कामगारही मोठ्या संख्येने हजर होत्या.’ मी लिहीन तेव्हा बायकांची नावं लिहीन, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे सोलापूरच्या गिरण्यांतल्या बायकांवर संशोधन करताना एक मावशी भेटल्या. त्यांची आई गिरणीत सूत गुंडाळायची. चटणीसाठी शेंगा भाजता भाजता मावशींनी सांगितलं, की आई पाळीला जाताना तान्ह्या पोरांना अफूची गोळी द्यायची. पोरं निजून राहायची.

“मला बी दिली हुती. त्याच गुंगीत लग्नाला व्हय म्हनले,” म्हणत त्या हसल्या.

मी आईचं नाव विचारलं, तशी कढईतली उलथणी थांबली.

“नाव नगं. गल्लीत तिला अजून लई मानत्यात. अफूवाली म्हनतील.”

“पण दोष गिरणीचा आहे, मावशी. तेच तर लिहायचंय.”

“गिरनी तर बंद पडली की गं. लोक आईलाच धरत्याल.”

“मग गोळीचं गाळू?”

“गाळू नगंस. मग ती कामाला गेली कशी, ह्ये कुनाला कळायचं?”

मी पुष्कळ वाद घातला. त्या ढळल्या नाहीत. लेखात नुसतं ‘एक कामगार स्त्री’ लिहायला माझा हात धजेना. ते पत्रकांनी आधीच करून ठेवलं होतं. शेवटी मी लेख बाजूला ठेवला आणि कादंबरीला हात घातला. पुन्हा मावशींकडे गेले.

“कादंबरीत आईला दुसरं नाव देते. कुठलं देऊ?”

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“तिचं माहेरचं दे. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिवलं. तवापास्नं जुन्या नावानं हितं कुनी हाक मारली न्हाय. कुनाला ठावंच न्हाय ते.”

मग त्यांनी ते नाव सांगितलं. आणि लगेच पुन्हा एकदा, जरा हळू.

माझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात गिरणीचा भोंगा होतो. शेजारीण दारातून तिला त्याच नावानं हाक मारते. ती पोराच्या तोंडात अफूची गोळी घालते, त्याचं तोंड पदरानं पुसते आणि म्हणते, “आले.”