कमलच्या नावावरचं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. निरोप समारंभात माझ्या पुस्तकप्रेमावर तासभर भाषणं झाली, तेव्हाही मान खाली घालून बसले होते — लोकांना तो विनय वाटला. तुम्हाला सांगते. ऐकून घ्या, एवढंच.

उदगीरकडच्या एका खेड्यात, सातवीपर्यंतच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. वाचनालयाचा चार्जही माझ्याकडे होता. वाचनालय म्हणजे काय, तर ऑफिसातलं एक काचेच्या दारांचं कपाट. पण त्याच्या शेजारी भिंतीवर माझा तक्ता होता — ऋतूनुसार वाचन. पावसाळ्यात पिकं, पाखरं, बेडकांच्या गोष्टी. हिवाळ्यात किल्ले आणि तारे. उन्हाळ्यात प्रवास, नद्या, समुद्र. प्रत्येक ऋतूखाली वर्गात घ्यायचे खेळ आणि विचारायचे प्रश्न. माझं अक्षर सुरेख होतं, आणि ते सुरेख आहे हे मला पक्कं माहीत होतं.

कपाटाला मात्र कुलूप. का? पुस्तक फाटलं, हरवलं, तर चार्ज देताना जबाब मला द्यावा लागणार. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी ठेवतात ना, तशी मी पुस्तकं ठेवली होती. पाहुणे कधी यायचे नाहीत, आणि बाईंनी पुस्तकं किती जपलीत, असं सगळे म्हणायचे.

त्या वर्षी दुष्काळ होता. आड आटले होते, टँकर सकाळी यायचा, आणि निम्म्या मुली घागरी घरी पोचवून धावतपळत शाळेत यायच्या. त्यातलीच सातवीतली कमल. उन्हाळ्याच्या यादीतलं समुद्राचं पुस्तक तिला हवं होतं. दर शनिवारी काचेला नाक लावून उभी राहायची. “बाई, तेवढं समुद्राचं द्या की.” मी म्हणायचे, हात बघ तुझे, ओले आहेत. ती परकराला हात पुसून पुढं करायची. मग मी म्हणायचे, सुट्टीत देऊ. टँकरवरून आलेल्या पोरीचे हात ओले नसणार तर कुणाचे असणार? — हे तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं?

त्याच सुमारास आमचा लातूर जिल्हा नवा झालेला. नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला येणार, म्हणून हेडमास्तरांनी पुस्तकांच्या देवघेवीचं रजिस्टर मागितलं. माझं रजिस्टर कोरं! दोन दुपारी बसून मी ते भरलं. कुणी काय नेलं, कधी नेलं, कधी परत केलं. मध्येच शाईसुद्धा बदलली — तेवढी अक्कल होती. समुद्राच्या पुस्तकापुढं कुणाचं नाव लिहावं? हात आपोआप चालला. कमल. खरं वाटावं म्हणून तीनदा.

साहेबांना ते फार आवडलं, शेजारचा तक्ताही. सातवीच्या वर्गात जाऊन त्यांनी कमलचं नाव घेऊन मायेनं विचारलं, तीनदा वाचलंस ना, मग सांग बरं, समुद्र कसा असतो?

कमल उभी राहिली. “म्या न्हाई वाचलं, साहेब. बाईंनी दिलंच न्हाई.”

आणि मी — हसले. हसत म्हणाले, “वाचते आणि विसरते, साहेब. खोटं बोलायची जरा सवयच आहे हिला.” पहिल्या वाक्यानं भागलं असतं. दुसरं कशाला बोलले? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी इतक्या गोड आवाजात मारल्या की सगळ्यांना पटल्या.

साहेबांनी तिला खरं बोलण्याचं महत्त्व सांगितलं. ते गेल्यावर हेडमास्तरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. पोरांनी तिचं नाव खोटारडी पाडलं. माझ्या तक्त्याच्या नकला नव्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत गेल्या, आणि मी भाव खाऊन घेतला. लाज वाटली का? वाटली. पण अभिनंदनाच्या मागे झाकून ठेवता येईल इतकीच.

सोमवारी मी कपाट उघडलं, तिला बोलावलं आणि ते पुस्तक पुढं केलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “नगं बाई. माझ्या नावावर तीनदा झालंय ते.”

त्यानंतर ती कपाटापाशी आली नाही. परीक्षेपर्यंत रोज माझ्या समोर बसत होती. वर्गापुढं एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक, आणि त्यासाठी रोज वेळ होता. मी कविता शिकवत राहिले. सातवी झाली आणि तिची शाळा सुटली.

निवृत्त होताना मी चार्ज दिला. एकही पुस्तक कमी भरलं नाही, त्याचंही कौतुक झालं. समुद्राच्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. नव्या बाई रजिस्टर चाळत होत्या. कमलच्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, या मुलीला वाचायची फार आवड असणार.

मी हो म्हणाले आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली.