बाहेरून दिलेली पेटी

शेजारच्या मारियाची खिडकी आणि माझी पडवी यांच्यामध्ये एक फणस सोडला तर काहीच आडवं येत नाही. त्यामुळे किस्से गोळा करायला मला उठावंसुद्धा लागत नाही! मिठबावात घरी बसून ती वेबसाइट बनवते. आमच्या होडीवाल्यांचीही तिनेच बनवली. प्रत्येकाचं अकाउंट, त्यात त्याचा आणि घरच्यांचा नंबर. वारा सुटणार असला की सगळ्यांना मेसेज. आमचे हे रोज समुद्रात, म्हणून माझे कान कायम तिच्या खिडकीला.

*

अकाउंट उघडलं त्या दिवशी ह्यांनी बंदरावर चारचौघांना पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवून विचारलं, "आयकलास? माझो पासवर्ड बरो आसा मां?" मारिया ह्यांचं तोंड बंद करायला धावली!

*

एकदा तिने हाक मारली, "काकी, तुमका आता डिलीट करतंय!"

मी भाजी टाकून पळाले. स्क्रीनवर माझं नाव होतं, बघता बघता गेलं! "अगो, माझा नाव परत घाल!"

"खोट्या यादीतला ता, काकी. खरी यादी येगळी."

तरी घरी जाऊन मी आधारकार्ड बघून आले.

*

परवा तिने माझ्या नावावर शंभर मेसेज सोडले. माझा फोन गप्प!

"चाचणी चललीहा. मेसेज पाठवणारो खोटो लावलंय. 'पाठवलंय' म्हणता, पाठवणा कायच नाय."

मला कळेना. मग तिने पडवीतली ह्यांची बर्फाची एक पेटी रिकामी होती ती पुढे ओढली. "होडी बर्फ स्वतः बनवता? नाय. भरलेली पेटी बाहेरून देतत. तसाच माझ्या अकाउंटांचा. पाठवणारो मी बाहेरून देतंय. चाचणीक खोटो, कामाक खरो. ह्येका डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतत." तिने पेटीत न सोललेले नारळ भरले, झाकण लावलं. "आता उचललात तरी कळाचा नाय."

"आणि चुकान खोटीच गेली तर?"

"तसा होवचा नाय ओ!"

*

दुसऱ्याच दिवशी दुपारी वारा फिरला. मारियाने इशारा सोडला. "सत्तावीस जणांक गेलो!" स्क्रीन हिरवीगार.

मी फोन काढून पाहिला. "मारिया, माझो वाजाक नाय गो."

तिचा चेहरा पांढरा पडला. चाचणीचा खोटा पाठवणारा काढायचा राहिला होता! तिने एक ओळ बदलली, पुन्हा सोडला. माझा फोन वाजला.

एकेका नावापुढे 'वाचला' येऊ लागलं. सव्वीस झाले. सत्ताविसावे आमचे हे. फोन लागेना. माड आडवे होत होते. ती गळ्यातला क्रूस मुठीत धरून, मी कुणकेश्वराला हात जोडून, दोघी एकाच पायरीवर.

फाटक वाजलं. दारात हे, खांद्यावर पेटी!

"मेसेज बघूक नाय?" मी रडतच विचारलं.

"खंयचो मेसेज? फोन कधीच बंद पडलो. पेटी उघडलंय आणि वारो सुटाच्या आधीच मागे फिरलंय मी!" पेटी आमच्यापुढे आपटून ते कडाडले, "माका सांगा, बर्फाच्या पेटयेत नारळ कोणी भरल्यान?"

मारियाने माझ्याकडे पाहिलं. मी फणसाकडे.