कवळीकाकांचा रणगाडा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला जे दार आहे, त्याच्याआड कवळीकाका आयुष्यभर राहिले. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती वाचायची वेळ कधी कोणावर आली नाही. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. पोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांनी उचललं आणि काकांनीही ते खुशीनं लावून घेतलं. समोरचा माणूस बोलायला लागला की काका त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायचे. मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी हातात फुलं घेऊन जिना चढत होते, डोळे भरून आले होते, आणि हे गृहस्थ दारातून म्हणाले, "बाई, वरची उजवी दाढ दाखवून घ्या. हसताना कळतं."

घरात ते आणि त्यांच्या वहिनी. काकांचा मोठा भाऊ सैन्यात रणगाडा चालवायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो लढाईवर गेला आणि परत आला नाही. वहिनी माहेरी गेल्या नाहीत. कपड्यांच्या दुकानात शिवणकाम धरलं, सासूला शेवटपर्यंत सांभाळलं, दिराला दोन वेळचं गरम खायला घातलं. काकांच्या लग्नाचा विषय निघाला की ते म्हणत, "आधी लोकांची तोंडं नीट बसवू दे, मग माझं बघू." त्यावर वहिनी आतून ओरडत, "भाऊजी, तुमचं तोंड बघून मुलगी पळेल या भीतीनं थांबलाय, ते सांगा ना सरळ!" दोघांचं असं चालायचं. त्या घरात भांडण असं मी कधी ऐकलं नाही, टोमणे मात्र दिवसभर.

खिडकीजवळ काकांचं लांब टेबल होतं. एका टोकाला प्लास्टरचे जबडे ओळीनं वाळत पडलेले आणि दुसऱ्या टोकाला त्यांची फौज: बोटाएवढी विमानं, तोफा, जीपगाड्या, एक पाणबुडी. प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दुसऱ्यांचे दात करून थकले की हे त्यांचं विश्रांतीचं काम. त्या फौजेत रणगाडा एकही नव्हता. का नाही, हे कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच.

मग वहिनींचे डोळे जायला लागले. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं विरून जायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आहे तेवढं काही काळ टिकेल, पुढचं सांगता येत नाही. वहिनींनी त्याचीही चेष्टा केली. "आता भाऊजींचे नुसते कान दिसतात, बाई. मधलं गेलं ते बरंच झालं." पण एका दुपारी मी तिथे बसले असताना त्या हातातली सुई खाली ठेवून म्हणाल्या,

"भाऊजी, ते नक्की कुठे बसायचे हो?"

काकांनी मान वर केली.

"एवढ्या लोखंडात माणूस बसतो कुठे, हे मला कधी कळलंच नाही. बागेपाशी तसलाच खरा रणगाडा ठेवलाय, त्याची झाकणं बंद करून टाकलीत. मी कितीदा फेऱ्या मारल्या त्याच्याभोवती. तुम्ही एवढं सगळं करता, तर त्यांचा एक करा. डोळे आहेत तोवर डोळ्यांनी बघीन, नाहीतर बोटांनी."

काका म्हणाले, "करतो." एवढंच. आणि जबड्याला पॉलिश करत राहिले.

त्या जातीच्या रणगाड्याचा संच एकच कंपनी काढायची, आणि ती कंपनी म्हणजे काय सांगावं! खोकं उघडलं तेव्हा मी हजर होते. खालचा सांगाडा उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा वाकलेला. डाव्या बाजूच्या चाकांची चौकट दोनदा आली होती, उजवीची आलीच नव्हती. चालकाच्या डोक्यावरचं झाकण अर्धंच, साच्यात प्लॅस्टिक पोचलंच नव्हतं. काकांनी कंपनीला कळवलं. बऱ्याच दिवसांनी पाकीट आलं. त्यात विमानाचा पंखा!

"उडवायचा विचार दिसतोय त्यांचा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा कळवलं. या वेळी चाकं बरोबर आली, झाकण पुन्हा अर्धं, त्याच जागी तुटलेलं. काकांनी ते भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "साचाच खराब आहे. शंभर मागवली तरी शंभर बोळकी येतील." मग त्यांनी आपली विद्या काढली. सांगाडा गरम पाण्यात बुडवून हळूहळू सरळ केला, कवळी वाकली की करत तसा. दाताचा ठसा घ्यायच्या गुलाबी लगद्यात त्याच रणगाड्याच्या दुसऱ्या, अख्ख्या झाकणाचा ठसा घेतला आणि त्यात दातांचं अ‍ॅक्रिलिक ओतून चालकाचं झाकण बनवलं. दाताच्या पांढऱ्या रंगाचं ते झाकण काही दिवस तसंच होतं. वहिनी त्याला 'अक्कलदाढ' म्हणायच्या. आतली बसायची जागा, दोन दांडे, पायाखालच्या पट्ट्या, हे खोक्यात नव्हतंच. ते सगळं काकांनी मेणात कोरून केलं. वरचं झाकण नखानं उघडलं की आत ती जागा दिसायची. एक शेंगदाणा ठेवला तर मावेल न मावेल इतकी.

काकांच्या आईला जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता, पण या टेबलापाशी बसलं की मला त्या आठवायच्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या मुलाची गोष्ट सांगत. लढाई संपल्यावर त्याच्या रणगाड्याचे साहेब स्वतः घरी आले होते, एक हात भाजलेला, गळ्यात अडकवलेला. ते म्हणाले होते, "आम्ही शेवटपर्यंत डावीकडे मारा करत होतो, झाडीत शत्रू होता. मग आम्हाला लागलं. तो जागच्या जागी गेला, आई. त्याला कळलंही नसेल." आणि मग दुसऱ्या हातानं आईंचा हात धरून ते रडले होते आणि "मला माफ करा" म्हणाले होते. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. "तू वाचलास, बाळा, यात तुझा काय गुन्हा?" हे सांगताना आईंचा आवाज दरवेळी याच वाक्याला भरून यायचा. "शेवटपर्यंत डावीकडे मारा करत होते," हे मात्र त्या ताठ मानेनं सांगत. आम्हाला सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

रणगाडा जवळजवळ उभा राहिला. वरचा फिरता भाग, ज्यात तोफ असते, त्याला काका 'डोकं' म्हणत. ते डोकं कंपनीच्या कड्यावर जरा उंच बसायचं, मान वर करून बघणाऱ्या माणसासारखं. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. काकांना चैन पडेना. कवळी केसभर उंच झाली तर माणसाला घास चावता येत नाही, हे ज्याच्या हाडात भिनलंय, तो असं कसं सोडणार? ते मोजपट्टी आणि दोरा घेऊन बागेपाशी गेले, चौथऱ्यावर चढले, घसरगुंडी खेळणाऱ्या पोरांना बाजूला केलं आणि तोफेची नळी झाकणापासून किती वर येते ते मोजून आले. घरी येऊन कडं कानशीनं घासत बसले. वहिनी चिडवत होत्या, "भाऊजी, तो चावणार नाहीये कोणाला."

दोन-चार दिवसांनी दुपारी मी वहिनींच्या डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन खाली गेले. त्या आत झोपल्या होत्या. काका टेबलापाशी बसले होते, पण हात मांडीवर. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि रणगाडा माझ्याकडे सरकवला.

"बाई, झाकण उघडा."

मी नखानं उघडलं. तोफ सरळ समोर होती, झाकण सहज वर आलं.

"मिटा. आता डोकं थोडं डावीकडे फिरवा. थोडंच."

मी फिरवलं. फार छान फिरत होतं, लोण्यासारखं. नळी चालकाच्या झाकणावर आली.

"आता उघडा."

झाकण किंचित वर उचललं गेलं आणि नळीला अडलं. मी पुन्हा केलं. पुन्हा अडलं. कंपनीचं काहीतरी चुकलं असेल, असं मी म्हणणार होते, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की तसं नाही.

"उंच होतं तेव्हा नळी वरून जात होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच घासून बरोबर केलं. खऱ्यात असंच आहे, मी मोजून आलोय. तोफ डावीकडे असली की त्याला बाहेर पडता येत नाही. ती त्याच्या हातात नसते, वर बसलेल्या कोणीतरी फिरवावी लागते."

आतून वहिनींच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. काका थांबले.

"साहेब म्हणाले जागच्या जागी गेला. गेला असेल. तसं असेल तर काही प्रश्न नाही." ते झाकणाकडे बघत होते. "पण नसेल गेला तर, बाई?"

मला त्या साहेबांचा आईंच्या हातात दिलेला हात आठवला, आणि ते कशाची माफी मागत होते ते पहिल्यांदा कळलं. काकांनाही तेच आठवत असावं. ते म्हणाले, "आईनं त्यांना माफ केलं होतं. न कळता का होईना, केलं. आता वहिनींना काय दाखवू? त्या बोटांनी बघणार. बोटांना सगळं कळतं."

त्यांच्या आयुष्यात त्यांनी हलणारा एकही भाग चिकटवलेला नव्हता, हे मला माहीत होतं. फिरणारी वस्तू फिरली पाहिजे, यावर त्यांचा हट्ट असे. शेजारच्या एका हौशी माणसानं आपल्या तोफेचं चाक चिकटवलं, तेव्हा काका त्याला म्हणाले होते, "अहो, मग दगडच रंगवायचा होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना हाक मारली. मीही होते. रणगाडा पूर्ण रंगवलेला, पट्ट्यांवर चिखल दाखवलेला, तोफ अगदी सरळ. वहिनींनी हात आधी पदराला पुसले. मग डोळे बाजूला वळवून, कडेनं दिसतं तेवढं पाहिलं, आणि मग डोळे मिटून बोटं फिरवली. चाकं, पट्टा, नळी. काकांनी त्यांचं बोट धरून झाकणावर नेलं. "ही अक्कलदाढ. उघडा."

वहिनींनी नखानं उघडलं आणि करंगळीचं टोक आत घातलं.

"इथे?"

"इथे. पाठ इकडे, पाय असे पुढे. दोन्ही हातांत दांडे. झाकण उघडं असलं की डोकं बाहेर काढून चालवायचा."

"उंच होते ते," वहिनी म्हणाल्या. "एवढ्यात कसे मावायचे?" करंगळी तशीच आत. "वारा लागत असेल ना तोंडाला, असं चालवताना?"

"खूप."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा दुसरा हात वर गेला आणि त्यांनी रणगाड्याचं डोकं फिरवायचा प्रयत्न केला. ते हललं नाही. पुन्हा, जरा जोरानं. नाही.

"भाऊजी, हे फिरत नाही?"

"नाही हो, वहिनी. भाग खराब आला. कंपनीच तशी, तुम्ही बघितलंत ना. शेवटी हात टेकले मी."

वहिनींनी मान त्यांच्याकडे वळवली. त्यांना दिसले असतील ते फक्त कान. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता टोमणा येईल. विमानाच्या पंख्यावरून नाहीतर दगडावरून. पण त्या म्हणाल्या, "असू दे. सरळच बरं दिसतं."

त्या दिवसापासून तो रणगाडा वहिनींच्या खाटेशेजारच्या फळीवर असे. फौजेत तो कधी गेला नाही. काकांनी पुढेही विमानं केली, एक बोट केली, पण कंपन्यांना शिव्या देणं त्यांनी सोडलं. एखादा भाग वाकडा निघाला तर गप्प बसून सरळ करत. काका गेले ते अंथरुणात, कोणाला फार त्रास न देता. टेबलावर कोणाची तरी अर्धी कवळी राहिली होती, ती डॉक्टरांनी दुसरीकडून पुरी करून घेतली.

आता वहिनींना काहीच दिसत नाही. मी रोज संध्याकाळी खाली जाते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. परवा वाचून झालं तरी त्यांनी मला उठू दिलं नाही. फळीवरचा रणगाडा मांडीवर घेतला. झाकण उघडंच होतं, ते त्या कधी मिटत नाहीत.

"बाई, हे आधी फिरत होतं ना? भाऊजी घासत बसायचे तेव्हा मला आवाज यायचा. फिरवून बघायचे ते, मग पुन्हा घासायचे. मग एक दिवस आवाज थांबला."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"आणि साहेब डावीकडे म्हणाले होते."

आयुष्यभर मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. या प्रश्नाचं माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते माझं नव्हतं.

"भाग खराब आला होता, वहिनी," मी म्हटलं. "त्या कंपनीचे असेच यायचे."

"हो," त्या म्हणाल्या. "असेच यायचे." मग त्यांनी रणगाडा चाचपत फळीवर ठेवला, तोंड खिडकीच्या बाजूला केलं, आणि झाकण उघडं आहे ना ते बोटानं पुन्हा एकदा पाहिलं.