चित्रातली जागी बाई

टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या वहिनी मिस्ड कॉल देऊन नवऱ्याला उठवायच्या. दादा सकाळच्या गाडीत बसल्या बसल्या झोपायचा. इथली गाडी एका मिनिटानेही चुकत नाही. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, त्याचं स्टेशन यायच्या मिनिटभर आधी एक रिंग द्यायच्या. त्याच्या खिशातला फोन थरथरायचा. तो उलट एक रिंग देऊन उतरायचा. मी ऑफिसात त्याच्याच टीममध्ये होते.

वहिनी स्टेशनजवळच्या फ्रेमच्या दुकानात अर्धवेळ कामाला जात. तिथे अठराव्या शतकातलं एक इटालियन एचिंग, म्हणजे रेघांचं छापचित्र, काच बदलायला आलं होतं; ते त्यांनी मला दाखवलं. येशूला वाढवणारा सुतार हत्यारांशेजारी झोपलाय. स्वप्नात देवदूत वाकून रस्त्याकडे बोट दाखवतोय: राजाचे मारेकरी येताहेत, पोर घेऊन पळ. सगळीकडे काळ्या रेघांची गर्दी. देवदूत तेवढा कोऱ्या कागदाचा. कोपऱ्यात मूल घेतलेली आई, डोळे उघडे.

"ही जागीच आहे की गं," वहिनी म्हणाल्या. "हिला सांगितलं असतं तर एव्हाना सामान बांधून झालं असतं!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्या आठवड्यात दादाच्या नाकातून दोनदा रक्त आलं होतं. वहिनींनी पुण्याची तिकिटं काढून ठेवली होती.

माझं लहानपण युनियनची पत्रकं वाटण्यात गेलेलं. न नोंदवलेल्या ओव्हरटाइमविरुद्ध मी पत्रक लिहिलं. पहिली सही दादाची हवी होती.

"वहिनी, पळून कसं चालेल? दादा गेला तर लढणार कोण?"

"आधी माणूस राहू दे, बाई. मग सही."

दादाने सही केली आणि तिकिटं पुढे ढकलली. "हिला एकटीला कसं टाकू?" माझ्याकडे बोट दाखवून वहिनींना म्हणाला.

त्यानंतरच्या सोमवारी गाडीत मी त्याच्यासमोरच उभी होते. फोन वेळेवर थरथरला. दादा उठला नाही. उलट रिंग गेली नाही, तेव्हा पुन्हा थरथरला. मग थांबेचना. मी त्याचा खांदा हलवत राहिले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

विमानतळावर वहिनींनी मला दोष द्यावा, असं मला वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पत्रकं लिही. पण झोपलेल्याच्या हातात देऊ नकोस. घरात जागं कोण आहे, ते आधी बघ."

आता मी पत्रकं घेऊन ऑफिसच्या दारात उभी राहत नाही. सुट्टी काढून, सकाळच्या गाड्या निघून गेल्यावर, ग्योतोकुतल्या घरांच्या बेल वाजवते.

दार लगेच उघडतं.